सातव्या टिटवीचं झाकण

१

मखमलीची गाठ सुटली आणि आतून कँटीनचा ट्रे निघाला.

विमान संग्रहालयाचे संचालक त्या ट्रेकडे नुसते बघत राहिले. आता ट्रेनेच काय तो खुलासा करावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. ट्रे मख्खपणे पडून राहिला. त्याच्या कडेला चहाचा एक वाळलेला ओघळ होता, एवढंच.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, याच जांभळ्या मखमलीत टिटवीचं झाकण होतं. इथे टिटवी म्हणजे पक्षी नव्हे, लढाऊ जेट विमान. याच गावच्या कारखान्यात फार पूर्वी तयार झालेलं. उतरताना ते असं काही किंचाळायचं की गावाने त्याचं नाव टिटवी ठेवून टाकलं. हवाई दलाने दिलेलं भारदस्त नाव कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. मोजक्याच टिटव्या बनल्या, मग कारखाना बंद पडला आणि बऱ्याचशा टिटव्या वितळून त्यांची पातेली झाली. जगात ज्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, त्यातली एक संग्रहालयात उभी होती. तिच्या शेपटीवर ठसठशीत सात आकडा होता.

सातवी टिटवी म्हणजे गावाचा अभिमान. ऐन गावावर तिचं इंजिन बंद पडलं होतं. वैमानिकाला उडी मारायचा हुकूम आला. त्याने तो ऐकला, "समजलं" म्हणाला आणि उडी मारली नाही. मेलेल्या इंजिनाचं विमान त्याने घरांवरून, शाळेवरून, बाजारावरून तरंगत नेलं आणि धावपट्टीच्या अगदी टोकाला टेकवलं. गावात कोणाला खरचटलंही नाही. पुढे ते विमान निवृत्त झालं, तेव्हा त्याच्या नाकाजवळचं, बॅटरीच्या कप्प्याचं झाकण हवाई दलाच्या पोरांनी वैमानिकाला भेट दिलं. वैमानिक गेले. झाकण त्यांच्या बायकोच्या भिंतीवर राहिलं. आता येत्या शनिवारी ते पुन्हा विमानावर बसायचं होतं आणि शेजारी वैमानिकाचं नाव लागायचं होतं. त्यासाठीच त्या माउलीने ते भिंतीवरून काढून दिलं होतं.

संचालकांनी घाम पुसला, पोलिसांना फोन केला आणि मग नाइलाजाने तिला केला.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "रडू नका, साहेब," ती म्हणाली. "माझी भाची आहे. येईल ती." आणि लगेच दुसरा फोन लावला.

"बेबी, तुझ्या काकांचं झाकण चोरीला गेलंय. आता तरी येतेस का?"

२

बेबीने पन्नाशी ओलांडली होती. विमानं का पडतात ते शोधून काढणं हा तिचा धंदा. पडलेल्या विमानाचा एकेक तुकडा हातात घेऊन ती त्याच्याकडून जबाब घ्यायची. मोठमोठ्या कंपन्यांची माणसं तिला बघून पाणी मागायची. पण मावशीच्या दारात आली की ती बेबी.

रविवारी सकाळी ती पोचली तेव्हा मावशी टेबलाशी बसून चहा पीत होती. भिंतीवर झाकणाच्या जागी फिकट चौकोन उरला होता. मावशीचा चेहरा मात्र टवटवीत होता. बेबीला बरं वाटलं. म्हातारी खचली असेल, या धास्तीनेच ती रात्रीच्या गाडीने आली होती.

"पेपरात आलंय म्हणे," तिने टेबलावरचा पेपर चाळला. "बातमीचं पान कुठाय?"

"असेल इथेच कुठे. बस आधी. खाऊन घे."

मावशी काही नुसती वैमानिकाची बायको नव्हती. कारखान्याच्या जोडणी विभागाची ती पहिली बाई सुपरवायझर. कुठलंही काम जरा वाकडं दिसलं की ती विचारायची, "हे कोणी बसवलं?" आणि भल्याभल्या फिटरांची पाचावर धारण बसायची. घरातही तेच. नळ गळो नाहीतर दार करकरो, पहिला प्रश्न हाच.

"कोणावर संशय आहे?" बेबीने विचारलं.

"मी कशाला सांगू? तू एवढी शिकलीस ती कशासाठी? शुक्रवारी समारंभाच्या तालमीला तिघं होते. संचालक, कॉलेजचे सर आणि गॅरेजवाला शेठ. सरांकडे एक टिटवी आहे, शेठकडे एक आहे. एक चौकात उभी आहे. सगळ्या बघून ये. चोर झाकण घेऊन करणार काय? कुठल्या तरी टिटवीलाच लावणार ना?"

"मावशी, त्या टिटव्या बघायला तू मला किती वर्षं बोलावतेयस."

"आणि तू किती वर्षं पुढच्या सुट्टीत येते म्हणतेयस."

बेबीने मान खाली घालून पोह्यांकडे... छे, पोहे कसले, कोरड्या टोस्टकडे पाहिलं. मावशी मऊ पडेल ही आशाच व्यर्थ होती.

निघताना मावशीने घडी घातलेला वर्तमानपत्राचा एक मोठा तुकडा तिच्या हातात दिला. एका बाजूला अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं आणि त्यावरून जाड मार्करने झाकणाची बाह्यरेषा काढली होती. तीन कोपरे गोल, डावा खालचा जरासा तिरका.

"आपली वस्तू परक्याच्या घरी गेली की माप ठेवलेलं बरं," मावशी म्हणाली. "तुला ठाऊकच आहे, टिटवीची झाकणं कशी असायची."

बेबीला ठाऊक होतं. टिटव्या साच्यातून निघाल्या नव्हत्या. दरेक विमानाचं दरेक झाकण कानशीने घासून घासून त्याच विमानावर बसवलेलं. एकीचं झाकण दुसरीला कधी लागायचं नाही.

"आणि एक ऐक," मावशीचा आवाज एकदम कडक झाला. "झाकण बसल्याशिवाय मी तुझ्या काकांचं नाव लावू देणार नाही. कोणी कितीही गळ घालू दे. शनिवारपर्यंत काय ते कर."

३

"कपाटाची चावी माझ्या खोलीत दारामागच्या खिळ्याला असते," संचालक म्हणाले, आणि बेबीचा चेहरा बघून घाईने पुढे म्हणाले, "म्हणजे असायची. आता खिशात ठेवतो."

"खिळा कोणाकोणाला माहीत होता?"

"सगळ्यांनाच," ते ओशाळून म्हणाले.

माणूस सरळ होता. हे संग्रहालय त्याने शून्यातून उभं केलं होतं. ही टिटवी हवाई दलाच्या एका जुन्या कोठारातून त्याने स्वतः शोधून आणली होती, आणि तिच्याबद्दल बोलताना त्याची छाती दोन इंच पुढे यायची.

"शुक्रवारचं पहिल्यापासून सांगा."

"मावशी आल्या. इथे विमानाशेजारी खुर्ची दिली. झाकण एकदा हातात द्या म्हणाल्या, दिलं. चहा मागवला तर त्यात साखर. त्यांना चालत नाही, म्हणून मी स्वतः जाऊन बिनसाखरेचा आणला. परत आलो तर बाईंचे डोळे भरलेले. झाकण मखमलीत गुंडाळून मांडीवर धरून बसल्या होत्या. मी ते जपून कपाटात ठेवलं. मग सर आणि शेठ बराच वेळ लाइटवरून भांडत होते, त्यांनाही चहा दिला. त्या गडबडीत कोण माझ्या खोलीत गेलं, देव जाणे."

"आणि ट्रे?"

"कँटीनवाला कालपासून माझ्या नावाने बोटं मोडतोय."

बेबी टिटवीजवळ गेली. काय दिमाख होता! आखूड पंख, वर उचललेलं नाक, आणि त्या नाकाच्या मागे झाकणाची उघडी जागा. या अशा खोक्यात बसून काकांनी ते अख्ख्या गावाच्या डोक्यावरून अलगद पलीकडे नेलं होतं. ती लहान असताना काका तिला खांद्यावर बसवून इंजिन बंद झाल्याचा आवाज काढून दाखवायचे, म्हणजे काहीच आवाज काढायचे नाहीत, आणि दोघं पोट धरून हसायचे.

"इथे झाकण लावून बघितलं होतंत?"

"छे! तो मान मावशींचा. शनिवारी त्याच बसवणार."

बेबीने सवयीने मावशीचा कागद काढला आणि त्या उघड्या जागेवर धरला. वरची कड जुळली. उजवी बाजू जुळली. डावा खालचा कोपरा मात्र जुळेना. कागदावर तो तिरका, विमानावर चांगला गोल. तिने कागद काढला, पुसून सरळ केला, पुन्हा लावला. कोपरा ऐकेना.

ती संचालकांकडे वळली. ते कौतुकाने शेपटीवरचा सात आकडा बघत उभे होते.

हे विमान सातवी टिटवी नव्हतंच.

४

आता संशयाला चांगलं खतपाणी मिळालं. झाकण बसत नाही हे समारंभात, चारचौघांत उघड झालं असतं तर नाचक्की कोणाची? संचालकांची. मग झाकण नाहीसं व्हावं असं सगळ्यात जास्त कोणाला वाटेल? त्यांनाच. पण त्यांनी झाकण लावूनच बघितलं नव्हतं. की बघितलं होतं आणि आता साळसूदपणे बोलत होते? बेबीने कोणाला काही सांगितलं नाही. तिने तडक तंत्रशिक्षणाचं कॉलेज गाठलं.

कॉलेजचे सर म्हणजे उत्साहाचा धबधबा. त्यांची टिटवी वर्कशॉपच्या शेडमध्ये उभी होती, पण अर्धीच. पंखांच्या मागे काही नव्हतंच. उघड्या पाठीतून इंजिन दिसत होतं.

"शेपूट कुठे गेली?" बेबीने विचारलं.

"आम्हाला अशीच मिळाली. टिटवीचं इंजिन काढायचं तर मागचा सगळा भाग शेपटीसकट सोडवावा लागतो. चार बोल्ट काढले की आलं बाहेर. मुलांना इंजिन दाखवायला सोयीचं पडतं." मग ते जरा फणकारून म्हणाले, "संग्रहालयाचा मान मोठा, पण विद्यार्थी आमच्या टिटवीवर शिकतात. तिच्या हाताखालून किती इंजिनिअर गेले, माहितीय? मला झाकण चोरायची काय गरज?"

पण बेबीचं लक्ष त्यांच्या मानापमानाकडे नव्हतं. चार बोल्ट काढले की आलं बाहेर. तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"सर, निवृत्त टिटव्यांची इंजिनं कुठे काढली?"

"सगळ्यांची एकाच कोठारात. इंजिनं काढून घेतली आणि सांगाडे वाटले. कोणी चौकासाठी नेलं, कोणी..."

"आणि आकडा विमानावर कुठे असतो?"

"शेपटीवर."

"फक्त शेपटीवर?"

माणूस हुशार होता, त्याच्या डोळ्यांत दिवा पेटला. "अरे बाप रे," ते म्हणाले.

सगळं असंच झालं असणार. कोठारात इंजिनं काढताना सगळ्यांच्या शेपट्या सोडवून एका बाजूला ठेवल्या. नेणाऱ्यांना घाई. हाताला येईल ती शेपूट जवळच्या धडाला जोडली आणि बोळवण केली. शेपट्या एकमेकींच्या धडांना लागत होत्या. झाकणं तेवढी लागत नव्हती, आणि बॅटऱ्या काढताना बरीचशी हरवलीही असणार. संचालकांनी सातची शेपूट बघितली आणि हरखून धडासकट विमान आणलं. त्यांची शेपूट खरी होती. ज्या नाकात काका बसले होते ते नाक भलत्याच आकड्याखाली दुसरीकडे कुठेतरी उभं होतं.

तिने कागद सरांच्या टिटवीला लावून पाहिला. जुळला नाही. मग चौकातल्या टिटवीला शिडी लावली. वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवून वाजवून जीव नकोसा केला, पण तिथलं जुनं झाकण जागेवरच होतं आणि त्याचे चारही कोपरे गोल होते.

आता एकच उरली. शेठची. आणि मावशीच्या भिंतीवरचं झाकण मिळावं म्हणून वर्षानुवर्षं तिच्या दारी खेटे घालणारा माणूसही शेठच.

५

"मी चोर आहे असं सरळ म्हणा की!" शेठ गरजले. हातातला पाण्याचा पाइप तसाच चालू राहिला आणि बेबीच्या चपला भिजल्या.

गॅरेजच्या मागच्या अंगणात, भर उन्हात, शेठची टिटवी उभी होती. तिच्या शेपटीवर नऊ होता. शेठ तिला दर रविवारी स्वतःच्या हाताने धुवायचे. बायकोच्या गाडीला मात्र पोऱ्या पाणी मारायचा, असं त्यांची बायकोच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"झाकण मागत होतात ना तुम्ही मावशींकडे?"

"मागत होतो. हात जोडून मागत होतो. माझ्या टिटवीला ते झाकण नाही, बाई. दुसरं बनवून घेतलं, नीट बसेना. तिसरं बनवलं, तेही बसेना. एक कोपरा असा काही वाकडा आहे की कोणाच्या बापाला जमत नाही. म्हटलं, निदान सातवीचं झाकण समोर ठेवून बघू, तसंच बनवू. मावशींनी हाकलून दिलं." ते जरा निवळले. "झाकण चोरून कुठे लावणार होतो? इथे लावलं असतं तर गावाने बघितलं नसतं? माझी टिटवी मी लपवतो का?"

त्यात तथ्य होतं. पण बेबीच्या कानात एकच शब्द घुमत होता. कोपरा.

तिने कागद उघडला. टिटवीच्या दोन्ही बाजूंची झाकणं नव्हती, त्यामुळे त्या जागेतून आरपार ऊन येत होतं. तिने कागद धरला. वरची कड. उजवी. खालची. मग तो डावा कोपरा, तिरका, जिद्दी. तो त्याच्या जागी असा जाऊन बसला की शेठनेच "अगं बाई!" म्हटलं.

बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं काकांची टिटवी इथे, दर रविवारी न्हाऊनमाखून, खोटा नऊ मिरवत उभी होती. कोणी तिला सातवी म्हणून एकदाही हाक मारली नव्हती.

आणि तेवढ्यात, पलीकडून येणाऱ्या उन्हात, कागदाच्या मागची अक्षरं शब्दकोड्यातून उलटी झळकली. मोठ्या टाइपातला मथळा होता.

तिने कागद फिरवला. "संग्रहालयात चोरी. ऐतिहासिक विमानाचं झाकण गायब."

ते आजच्या पेपराचं पान होतं.

बेबी शेठच्या पायरीवर मटकन बसली. मग तिला हसू फुटलं. शेठने घाबरून पाइप बंद केला.

"शेठ," ती म्हणाली, "संचालकांना बोलवा. सरांना बोलवा. आणि चोराला आणायला तुमची गाडी द्या."

६

चोर शेठच्या बायकोच्या गाडीतून उतरला. हातात काठी होती आणि खांद्याला नेहमीची विणकामाची भलीमोठी पिशवी.

"बोल," मावशी खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाली. "काय शोध लावलास?"

संचालक, सर आणि शेठ अवघडून उभे होते. बेबी मावशीसमोर उभी राहिली. मोठमोठ्या कंपन्यांसमोर तिचा आवाज कधी अडखळला नव्हता. इथे थोडा अडखळला.

"झाकणाचं माप ज्या पानावर काढलंय, ते पान चोरीनंतर छापलेलं आहे. चोरीनंतर ज्याच्याकडे झाकण होतं, त्यानेच हे माप काढलं. सकाळी तुझ्या टेबलावर तेवढंच पान नव्हतं."

"पुढे."

"कपाटाला कोणी हात लावलाच नाही. चावीचा खिळा सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे आम्ही कपाटाभोवतीच फिरत राहिलो. पण कपाटात गेला तोच ट्रे होता. साहेब बिनसाखरेचा चहा आणायला गेले, तेव्हा तू झाकण विमानाला लावून पाहिलंस. कोपरा बसला नाही. मग झाकण पिशवीत गेलं, आणि वजन हलकं लागू नये म्हणून मखमलीत साखरेच्या चहाचा ट्रे गेला. साहेब आले तेव्हा तुझे डोळे भरलेले होते. मला वाटलं, झाकण सोडवत नव्हतं म्हणून."

"नव्हतंच सोडवत," मावशी हळू म्हणाली. "तुझ्या काकांचं नाव भलत्याच विमानावर लागायला निघालं होतं, बेबी. कायमचं. पोरं शाळेच्या सहलीला येऊन ते वाचणार. मला रडू येणार नाही तर काय?"

संचालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मावशी, मला तिथेच सांगायचं होतंत..."

"पाहुण्यांसमोर? तालमीच्या दिवशी? तुम्ही एवढ्या हौसेने आणलेलं विमान, साहेब. खरं विमान कुठाय हे हातात आल्याशिवाय तुम्हाला खाली बघायला लावायचं, हे मला पटेना." मग ती बेबीकडे वळली. "आणि हिला नुसतं शोध म्हटलं असतं तर पुढची सुट्टी उगवलीच नसती. चोरी म्हटल्यावर बघा, कशी धावत आली."

"आणि ते पान?" बेबीने विचारलं. "चुकून दिलंस?"

"मी? चुकून?" मावशीच्या भुवया कपाळात गेल्या. "तुला कळायला किती वेळ लागतो ते बघत होते. लागला जरा. पण लावलास हो शोध. माझीच भाची शोभतेस."

इतकी वर्षं देशोदेशीच्या समित्यांनी बेबीची पाठ थोपटली होती. त्यातली एकही थाप या वाक्याच्या जवळपास येत नव्हती. तिने तोंड फिरवून डोळे पुसले.

मावशी उठली. पिशवीतून लोकर बाजूला सारून तिने झाकण काढलं. त्यावर रंगवलेला छोटा टिटवी पक्षी रंग उडून फिकट झाला होता, पण चोच अजून शाबूत होती. शेठने पुढे होऊन आधार द्यायला हात केला. तिने तो बाजूला केला, काठीही बेबीकडे दिली. उन्हात तापलेल्या पत्र्यावर तिने तळवा टेकला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग झाकण जागेवर धरलं, आधी तिरका कोपरा आत घातला, अंगठ्याने वरची कड सरकवली आणि हलकेच दाबलं.

टक्.

तिने दोन्ही हात काढून घेतले. एक स्क्रू लावलेला नव्हता. झाकण जागचं हललं नाही. कडेला नखही शिरलं नसतं.

मग संचालकांनी घसा साफ केला. "सातची खरी शेपूट माझ्याकडे आहे," ते म्हणाले, आणि त्यांची छाती पुन्हा थोडी पुढे आली. "मी ती आणून देतो. शनिवारचा समारंभ इथेच, या अंगणात."

"जोडायला माझे विद्यार्थी," सर म्हणाले. "चार बोल्ट."

"आणि नावाचा रंग मी देणार," शेठ म्हणाले. "कोणी मधे आलं तर बघा."

बेबीने झाकणाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग ती ताठ उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि जोडणी विभागात घुमायचा तसा आवाज लावून तिने विचारलं, "हे कोणी बसवलं?"

मावशीची पाठ सरळ झाली.

"मी," ती म्हणाली. "आणि उडवलं यांनी. आता लावा नाव."